गैरहजर गिऱ्हाईक

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. घर बांधताना माणसाची किती दमछाक होते, खर्चाचा अंदाज कसा चुकतो, सुतार-गवंडी कसे रडवतात हे सारे तिच्यात आले. घर विकून पाहण्याबद्दल मात्र मराठीत म्हण नाही. मी बरीच शोधली. घर फिरल्यावर वासे फिरतात, घरोघरी मातीच्या चुली असतात, घराला घरपण असते. पण विकायला काढलेल्या घराला गिऱ्हाईक येत नाही, आले तरी पायरीवरूनच परत जाते, या अनुभवाला आपल्या भाषेने एकही ओळ दिलेली नाही. म्हणी जुन्या आहेत, फ्लॅट नवे आहेत, असे यावर कोणी म्हणेल. मग नव्या साहित्याने ती ओळ दिली का, एवढाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे मी पुस्तकांतून आलो नाही, छोट्या जाहिरातींतून आलो. करवीर नगर वाचन मंदिरात वर्तमानपत्रे चाळताना 'विकणे आहे' या सदराखालच्या ओळी वहीत उतरवून घेण्याची सवय २००५ च्या महापुरानंतर लागली आणि टिकली. आधी कुतूहल होते, पुढे तो अभ्यास झाला. या ओळींना स्वतःचे व्याकरण आहे. 'त्वरित विकणे', 'अडचणीमुळे विकणे', 'परगावी जात असल्याने विकणे' अशी कारणे विकणारा देतो. कारण आपल्याकडे घर विकणे ही गोष्ट खुलासा दिल्याशिवाय करता येत नाही. २००५ नंतर, आणि २०१९ नंतर तर सर्रास, एक नवा शब्द या सदरात आला : 'पूरमुक्त'. 'महापुरातही पाणी न आलेला' हा त्याचाच लांबट अवतार. ज्या घरात पाणी आले होते त्याची जाहिरात अर्थातच तसे सांगत नाही. तिथे ओळ अचानक भूगोल विसरते. गल्लीचे नाव गळते, पेठ गळते आणि 'बसस्टँडपासून पाच मिनिटांवर', 'सर्व सोयींनी युक्त' एवढेच उरते. म्हणजे जाहिरातीत जे लिहिलेले नाही तेच वाचायचे. समीक्षक कवितेत ज्याला मौन म्हणतात ते इथे तीन ओळींत, शब्दाच्या दराने पैसे मोजून छापलेले असते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडा तपशील द्यायला हवा. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, २०२१ च्या जुलैमध्ये त्याहून थोडे वर. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग दोन्ही वेळा पाण्याखाली जाऊन बंद पडला. सुतारवाडा, दुधाळी, सिद्धार्थनगर, बापट कॅम्प, शाहूपुरीतली कुंभार गल्ली ही पुराची जुनी ठिकाणे. पण या दोन पुरांत नागाळा पार्क, रमणमळा अशा प्रतिष्ठित वस्त्यांतल्या अपार्टमेंटचे पार्किंग आणि तळमजलेही बुडाले. तोवर पूर ही नदीकाठच्या गरिबांची गोष्ट मानली जाई. आता ती कर्ज काढून घेतलेल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचीही झाली.

त्यात पूररेषा आल्या. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही, दोन रेषांच्या मध्ये अटींवर. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणवणारे पाणी तीन वर्षांत दोनदा बघितलेल्या माणसाला या व्याख्येचे हसू येते, पण नकाशावरची रेषा हसण्यावारी जात नाही. तिच्या आतले जुने घर पाडून नवे बांधणे सहजासहजी जमत नाही, म्हणून बिल्डर ते घेत नाही. बिल्डर घेत नाही म्हणून भाव नाही. भाव नाही म्हणून मालक ते दुरुस्त करत नाही. शिवाय २०१६ च्या नोव्हेंबरातली नोटाबंदी, २०१७ मध्ये पाठोपाठ आलेले महारेरा आणि जीएसटी, २०१८ मध्ये आयएलअँडएफएस बुडाल्यावर आटलेला वित्तसंस्थांचा पैसा, या सगळ्यांनी देशभरच घरांच्या व्यवहाराला जी मरगळ आणली ती इथेही होतीच. तिच्यावर पूर येऊन बसला.

आता या अवस्थेला इथली माणसे काय म्हणतात ते ऐका. 'भाव पडला' असे कोणी म्हणत नाही. 'मार्केट थंड हाय', 'उठाव न्हाई', 'गिऱ्हाईक न्हाई', 'पडून हाय'. घराचा भाव जणू पडतच नाही, तो फक्त झोपतो. याच शहरात शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात, तिथे 'दर पडला' हे दोन शब्द रोज उच्चारले जातात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. शेतमालाचा भाव पडणे ही सार्वजनिक गोष्ट आहे. तिच्यासाठी 'मातीमोल' हा शब्द आहे, रस्त्यावर कांदा ओतणे हे कृत्य आहे, आंदोलन आहे, वाङ्मय आहे. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून शरद जोशींनी भाव हा मराठी गद्याचा विषय केला आणि सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'सारखी कादंबरी त्या विषयाच्या उजेडात वाचता येते. घराचा भाव पडणे मात्र खाजगी आहे, जवळजवळ घरातल्या आजारासारखे. ते शेजाऱ्याला सांगायचे नसते, कारण सांगितले तर शेजाऱ्याचाही भाव पडतो. अपार्टमेंटच्या सोसायटीत एकाने पडेल भावाने फ्लॅट दिला की उरलेले पंधराजण त्याच्याशी बोलणे का कमी करतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

*

मराठीत घर जाण्याची सर्वांत मोठी साहित्यकृती कोणती, असे विचारले तर बहुतेक वाचक 'वाडा चिरेबंदी'चे नाव घेतील आणि ते योग्यच आहे. महेश एलकुंचवारांचे हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहतांच्या दिग्दर्शनात रंगभूमीवर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' यांच्यासह त्याची त्रिनाट्यधारा झाली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ती सलग नऊ तासांच्या प्रयोगात सादर केली. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, वडिलांचा मृत्यू, मुंबईहून आलेला सुधीर, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि तेराव्यासाठी पैसा उभा करण्याची ओढाताण. नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सरंजामी व्यवस्थेचा अस्त, एकत्र कुटुंबाचे विघटन, ब्राह्मणी प्रतिष्ठेचा पोकळ डोलारा असे त्याचे अर्थ लावले गेले. ते सगळे नाटकात आहेत.

मला सुचवायचे आहे ते नाटकाच्या पात्रयादीविषयी. दादी, आई, भास्कर, वहिनी, सुधीर, अंजली, चंदू, प्रभा, पराग, रंजू. सगळी घरची माणसे. तेराव्याच्या जेवणावळीपायी वाड्याचा हिस्सा विकण्यापर्यंत गोष्ट येते, पण विकत घेणारा रंगमंचावर पाय ठेवत नाही. व्यवहाराची चर्चा होते, व्यवहार दिसत नाही. घराची किंमत ही नाटकाच्या सगळ्या हालचालींमागची शक्ती आहे, तरी ती बाहेरून येणाऱ्या अंधुक आवाजासारखी राहते. जुन्या पद्धतीचा एवढा मोठा वाडा, शहराच्या वाटेवर नसलेले गाव, कूळकायद्यात गेलेली जमीन. अशा ठिकाणी वाड्याला बाजार कुठला? कोणी घेतलाच तर तो दगडासाठी, सागवानासाठी किंवा गावातल्या एका घराण्याची जागा आपण घेतली हे दाखवण्यासाठी घेणार. हा बाजार नाटककाराला पुरेपूर ठाऊक असावा. त्याशिवाय सुधीर आणि भास्कर यांच्या संवादांना ती धार आली नसती. पण त्याने तो दाराबाहेर ठेवला.

एलकुंचवारांची तुलना चेकॉव्हशी करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती तुलना नेमकी इथे तपासून पाहावी. 'चेरी ऑर्चर्ड' हे १९०४ चे नाटक. त्यात जहागिरीचा लिलाव होतो. चेकॉव्हने गिऱ्हाईक पहिल्या अंकापासून रंगमंचावर आणून बसवले आहे. लोपाखिन हा भूदासाचा नातू. तो मालकिणीला अगदी कळकळीने सांगतो की बाग तोडा, प्लॉट पाडा, उन्हाळी घरांसाठी भाड्याने द्या, सगळे वाचेल. आजच्या भाषेत बोलायचे तर तो त्यांना एनए प्लॉटिंगची योजना समजावून सांगत असतो. ते ऐकत नाहीत, कारण त्यांना ते ओंगळ वाटते. शेवटी तोच लिलावात बाग घेतो, कर्जाच्या वर नव्वद हजार रुबल बोली लावून, आणि घेतल्याचा त्याला झालेला आनंद आणि त्याच वेळी वाटणारी शरम हा नाटकाचा गाभा होतो. विकणाऱ्याचे दुःख आणि घेणाऱ्याचे दुःख एकाच खोलीत येतात. आपल्या वाड्यात विकणाऱ्याचेच दुःख आहे. म्हणून चेकॉव्हच्या नाटकात माणसे हास्यास्पद होऊ शकतात, आणि धरणगावच्या वाड्यात, माझ्या मते, हसू येऊनही ते लगेच करुणेत विरघळते. एलकुंचवार कमी पडले असे मला म्हणायचे नाही. त्या नाटकाची कोंडी त्या बंद पात्रयादीतूनच तयार होते. पण त्यानंतरच्या मराठी लेखनाने ती पात्रयादीच नमुना म्हणून घेतली, हे नुकसानीचे झाले. वाड्यावरच्या कथा-कवितांची आपल्याकडे पुढे जी रीघ लागली तीत चौक आहे, तुळस आहे, माजघर आहे, आजी आहे. सिटी सर्व्हेचा उतारा नाही.

(दिवाळी अंक उघडून पाहा. उजव्या पानावर पडक्या वाड्याविषयी हळवा ललितलेख असतो आणि डाव्या पानावर बिल्डरची जाहिरात. एकाने दुसऱ्याचा खर्च उचललेला असतो, पण दोघे एकमेकांकडे बघत नाहीत.)

*

चाळीच्या साहित्याचे प्रकरण वेगळे आहे. 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. पु. लं.च्या चाळीत माणसे भांडतात, उपास करतात, प्रवासाला निघतात. पण भाड्याच्या भीतीने रात्री जागी राहत नाहीत. याला कारण विनोदी वृत्ती एवढेच नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले होते. चाळकऱ्याचे छप्पर कायद्याने स्थिर होते, म्हणून त्या छपराखाली माणसाच्या स्वभावाकडे निवांत पाहता आले. मराठी मध्यमवर्गाच्या ज्या ऊबदार शेजारधर्माचे आपण गोडवे गातो त्याचा पाया या कलमात आहे, असे मला वाटते. कायद्याची दुसरी बाजू साहित्यात आली नाही. ज्याचे भाडे गोठले त्या मालकाची इमारत ही मालमत्ता असून नसल्यासारखी झाली. दुरुस्तीला पैसा नाही, विकायला गिऱ्हाईक नाही. कोल्हापूरच्या पेठांतही अशी घरे आहेत, जिथे तीन पिढ्यांचा भाडेकरू आणि तीन पिढ्यांचा मालक एकमेकांच्या मरणाची वाट पाहत एकाच जिन्याने चढतात-उतरतात. २००० पासून अमलात आलेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली, पण जिना तोच राहिला. खलनायक म्हणून घरमालक मराठी सिनेमात पुष्कळ आला. 'अशी ही बनवाबनवी'तला घरमालक तर आता घराघरांतला विनोद झाला आहे. माणूस म्हणून तो क्वचित आला.

जयंत पवारांचे 'अधांतर' हा मोठा अपवाद. १९८२ च्या गिरणी संपानंतरचे ते कुटुंब पाहताना घर आणि जमीन यांच्या किमतीचे राजकारण नाटकाच्या पोटात आहे हे सतत जाणवते. परंतु तिथली शोकांतिका उलट्या दिशेची आहे. गिरणगावात जमिनीचा भाव चढत गेला आणि माणसाचा उतरत गेला. मराठी शहरी साहित्याने घराचा प्रश्न पाहिला तो असाच, हाताबाहेर जाणाऱ्या किमतीचा. घर मिळत नाही, जागा अपुरी, नवविवाहितांना एकांत नाही. 'मुंबईचा जावई' हा १९७० चा चित्रपट याच अडचणीवर उभा आहे, आणि त्यात आमच्या कोल्हापूरचे अरुण सरनाईक होते म्हणून आम्हाला तो जवळचा. मिळालेले घर गळ्यात अडकते, ही दुसरी अडचण मुंबईच्या नजरेला दिसणे कठीण होते. ती निमशहरांची, मध्यम शहरांची अडचण आहे, आणि मराठी साहित्याचा नकाशा बराच काळ मुंबई-पुणे आणि मग एकदम खेडे असा होता.

खेड्याने मात्र घर जाणे फार ताकदीने लिहिले, आणि त्यात आमच्या जिल्ह्याचा वाटा ठळक आहे. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त धरणग्रस्तांच्या नशिबी आलेला नुकसानभरपाईचा कागद हा जवळजवळ एक पात्रच आहे. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'लाही विस्थापनाचीच पार्श्वभूमी आहे. आनंद यादवांच्या 'घरभिंती'त नावापासूनच भिंत आहे. ती उभी करण्यात एक पिढी कशी झिजते ते त्यात दिसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'मध्ये १९४८ साली जळालेले घर आहे. गांधीहत्येनंतरच्या त्या दिवसांनी दक्षिण महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबे गाव सोडून गेली आणि मागे राहिलेली घरे मिळेल त्या किमतीला गेली. पण धरण असो की जाळपोळ, इथे घर घेणारा एक शत्रू आहे. सरकार आहे, जमाव आहे. त्याच्याशी भांडता येते, निदान त्याला शाप देता येतो. भाव पडतो तेव्हा शत्रू कोण? नदी? तलाठी? ज्याने तीस लाख कर्ज मंजूर केले तो बँकेतला हसतमुख अधिकारी? की शंका येत असूनही सही करणारे आपण? मराठी कथनाला शत्रूशिवाय नुकसान सांगण्याची सवय नाही. मला वाटते, अडचण विषयाच्या क्षुद्रपणात नसून इथे आहे.

*

हे नुकसान कसे घडते ते आकड्यांत एकदा पाहू. साहित्याच्या लेखात आकडेमोड आल्याबद्दल कोणी नाक मुरडले तरी हरकत नाही. समजा, साडेसदतीस लाखांचा फ्लॅट घेतला. साडेसात लाख स्वतःचे, तीस लाख कर्ज, नऊ टक्के, वीस वर्षे. हप्ता सुमारे सत्तावीस हजार. पाच वर्षांत सोळा लाखांहून अधिक भरले जातात आणि त्यातून मुद्दल फिटते ते सुमारे तीन लाख चाळीस हजार, बाकी व्याज. पाचव्या वर्षी पूर आला आणि फ्लॅटला पाव किंमत कमी करून अठ्ठावीस लाखांचे गिऱ्हाईक मिळाले, तर बँकेचे साडेसव्वीस लाख फेडून हातात दीड लाख येतात. साडेसात लाख आणि पाच वर्षांचे आयुष्य यांचे दीड लाख. आणि पाव किंमत हा मी उदाहरणापुरता धरलेला आकडा आहे; त्याहून जरा जास्त पडला तर घर विकण्यासाठी वरून पैसे घालावे लागतात. म्हणजे घर विकणे ही श्रीमंताची चैन होते. गरजू माणूस विकूच शकत नाही, तो राहतो.

यात कायद्याचा एक विलक्षण भाग आहे, आणि तो एखाद्या चांगल्या एकांकिकेला पुरेल. मुद्रांक शुल्क प्रत्यक्ष किंमत किंवा रेडीरेकनरचा दर यांत जे जास्त असेल त्यावर भरायचे असते. व्यवहार रेडीरेकनरच्या दहा टक्क्यांहून अधिक खाली झाला, तर आयकर कायदा मधला फरक विकणाऱ्याला मिळालाच असे धरतो आणि घेणाऱ्याचेही ते उत्पन्न समजतो. म्हणजे न मिळालेल्या पैशावर एक कर देतो आणि न दिलेल्या पैशावर दुसरा. कमी किंमत खरी आहे हे सिद्ध करायला वाटा आहेत, अभिनिर्णयाची सोय आहे, मूल्यांकनाची मागणी करता येते; पण निवृत्तीला आलेला माणूस त्या वाटेने किती चालणार? करोनाच्या काळात, २०२० च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर, राज्याने मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत दिली, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयांत गर्दी उसळली. त्याच सुमारास केंद्राने बिल्डरकडून घेतल्या जाणाऱ्या नव्या घरांसाठी, दोन कोटींपर्यंत, ती दहा टक्क्यांची मर्यादा काही महिने वीस केली. भाव पडला आहे हे सरकारने कबूल केले ते असे, मुदत घालून आणि नव्या घरांपुरते. जुने घर विकणाऱ्याच्या कागदावर भाव पडलेला नव्हताच.

कागद एक सांगतो, जाहिरात दुसरे, माणूस तिसरे आणि भिंतीवरचा पाण्याचा डाग चौथे. इतके परस्परविरोधी निवेदक एका फ्लॅटमध्ये आयते मिळतात. कादंबरीकाराला आणखी काय हवे?

दुसऱ्या भाषांनी हे केले आहे, म्हणून ते होऊ शकते असे म्हणता येते. नायपॉलच्या 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास'चे (१९६१) आपल्याकडे कौतुक होते ते अस्मितेच्या, स्थलांतरिताच्या संदर्भात. मला ती कादंबरी आधी फसलेल्या खरेदीची वाटते. बिस्वास साडेपाच हजार डॉलरला घर घेतो. ते पाहतो पावसात, अंधारून आल्यावर, आणि पाहुणचाराने भारावून. मागचा जिना कसा लटकतो, दारे-खिडक्या कशा बसत नाहीत हे नंतर कळते. तो कर्जातच मरतो. नायपॉल प्रत्येक रक्कम सांगतो, कोणाकडून किती घेतले तेही सांगतो, आणि त्या हिशेबामुळेच आपल्याला हसू येते नि घसा दाटतो. कोल्हापुरात घर पाहायला लोक चैत्र-वैशाखात जातात. तेव्हा नदी घाटाच्या पायऱ्यांखाली शहाण्यासारखी वाहत असते. हा प्रसंग नायपॉलच्या जातीचाच आहे, फक्त पाऊस उलट बाजूला आहे.

आयर्लंडचे उदाहरण अधिक जवळचे. तिथे २००७ नंतर घरांच्या किमती साधारण निम्म्यावर आल्या आणि अर्धवट सोडलेल्या वसाहती गावोगाव उभ्या राहिल्या. पाच वर्षांत, २०१२ मध्ये, डोनल रायनची 'द स्पिनिंग हार्ट' आली. गावातला बिल्डर पळून गेला आहे आणि एकवीस माणसे एकेक प्रकरण बोलतात. मजुरी बुडालेला फोरमन बोलतो, निर्जन वसाहतीत एकटी उरलेली बाई बोलते. त्याच वर्षी टाना फ्रेंचने अशाच वसाहतीत 'ब्रोकन हार्बर' ही रहस्यकादंबरी रचली. छोटा देश, बोलघेवडे लोक, मालकीच्या घराचे वेड आणि जमिनीशी जुने दुखरे नाते. हे वर्णन पन्हाळा-करवीरच्या पट्ट्याला लागू पडते. आपल्याकडे एकवीस बोलणारे नाहीत असे कोण म्हणेल?

साहित्य म्हणजे भावफलक नव्हे, हा आक्षेप मला चांगल्या वाचकांकडूनच ऐकायला मिळाला आहे. घराचे मोल पैशात नसते, असे ते म्हणतात. खरे आहे, पण हे वाक्य ज्याचे घर विकले जाऊ शकते त्याला परवडते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतले किंवा बापट कॅम्पमधले घर घ्या. ऐन गणपतीच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्ये, अर्ध्या वाळलेल्या मूर्ती पाण्यात जातात. तिथल्या माणसाला घर विकायचे म्हणजे भट्टीची, माती मळायची, मूर्ती वाळवायची जागा विकायची. घराचा भाव आणि धंद्याचा भाव एकाच भिंतीत लिंपलेले. दुसरीकडे चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला पुनर्वसनाच्या जागा मिळाल्या, तरी नदीकाठचे गाव सुटले नाही. वर्षातून काही दिवस इकडे, बाकी तिकडे. यांच्या निर्णयात भाव किती, भावना किती, हे वेगळे काढायला गेलो तर दोन्ही हातातून निसटतात. म्हणूनच ते निबंधकाराचे काम नाही, गोष्ट सांगणाऱ्याचे आहे.

तोवर एक लिखित वाङ्मय शहरात आपोआप तयार झाले आहे, आणि माझ्या वहीत त्याचीही नोंद आहे. पूर ओसरल्यावर लोक घराच्या, दुकानाच्या भिंतीवर पाण्याची खूण करतात. रंगाची आडवी रेघ आणि शेजारी साल. काही ठिकाणी २००५, २०१९, २०२१ अशा तीन रेघा एकाखाली एक आहेत. दुकानदार त्या जपतो, गिऱ्हाईकाला बोट लावून दाखवतो, त्यात थोडा अभिमानही असतो. घर विकायला काढले की मात्र पहिले काम रंगाऱ्याचे. दुधाळीकडच्या एका गल्लीत शेजारी शेजारी दोन घरे मी पाहतो आहे. एकाच्या भिंतीवर तिन्ही रेघा ठळक आहेत. दुसऱ्याची भिंत ताज्या पिस्ता रंगाची, एकही डाग नाही. घर बघायला येणारे आता या दुसऱ्या घरात जाण्याआधी पहिल्याच्या भिंतीपाशी थांबतात, रेघ कमरेला लागते की छातीला ते स्वतःच्या अंगावर मोजतात आणि मग शेजारच्या घराची बेल वाजवतात.